चप्पल स्टँडचा बिल्ला आणि वेबसाइटची कुकी

दिवाळीत आत्या साताऱ्याहून आली होती. तिचे गुडघे दुखतात, म्हणून दुपारी माझ्या लॅपटॉपवर तिने गुडघ्याला बांधायचे पट्टे पाहिले. चार-पाच दुकानांच्या साइट्स चाळल्या, किमती बघितल्या, घेतलं काहीच नाही. संध्याकाळी मी बातम्या वाचायला बसले, तर बातमीच्या मधोमध गुडघ्याचा पट्टा. एक पाककृती उघडली, तिथेही साहित्याच्या यादीखाली तोच पट्टा, तोच निळा रंग. आत्या शेजारी मेथी निवडत होती. तिने वाकून पाहिलं आणि विचारलं, "अगं, हे यंत्र आपलं बोलणं ऐकतं की काय?"

हा प्रश्न मला खूप जणांनी विचारलाय. त्या संध्याकाळी जे घडलं त्यासाठी कोणी काही ऐकायची गरजच नव्हती. आत्याने जे पाहिलं ते लॅपटॉपनेच, तिला न सांगता, परक्यांना कळवलं होतं. कसं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण हे एकदा कळलं की निम्मी भीती जाते आणि उरलेल्या निम्म्या गोष्टीवर काहीतरी करता येतं.

सुरुवात करावी लागेल वेबच्या एका जुन्या खोडीपासून. वेबसाइट ज्या संगणकावर असते, त्याला आपण सर्व्हर म्हणतो. हा सर्व्हर मुळात विसरभोळा आहे. तुम्ही एक पान मागितलं, त्याने दिलं, संपलं. पुढच्याच क्षणी तुम्ही दुसरं पान मागितलं तर त्याच्या दृष्टीने तुम्ही नवखे. नुसती माहिती वाचायची असेल तर यात काही बिघडत नाही. पण दुकान चालवायचं असेल तर? पिशवीत साबण टाकला, तेल घ्यायला पुढच्या पानावर गेलात, तोवर साबण कोणी घेतला होता हे दुकानदार विसरला. असं दुकान चालणार कसं?

१९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू माँटुली नावाचा तरुण प्रोग्रॅमर नेमक्या याच अडचणीवर काम करत होता. एमसीआय या कंपनीला इंटरनेटवर दुकान थाटायचं होतं आणि कोणाच्या पिशवीत काय आहे हे आपल्या सर्व्हरवर सांभाळत बसायची तिची तयारी नव्हती. माँटुलीचा तोडगा असा होता, की आठवण ग्राहकाच्याच संगणकावर ठेवायची. सर्व्हरने एक छोटी चिठ्ठी द्यायची, ब्राउझरने, म्हणजे साइट दाखवणाऱ्या क्रोमसारख्या प्रोग्रॅमने, ती जपायची आणि पुढच्या खेपेला पान मागताना परत दाखवायची. संगणकाच्या जगात अशा निरोप्या चिठ्ठीला आधीपासून 'मॅजिक कुकी' म्हणत, तेच नाव चिकटलं.

आपल्याकडे याला अगदी जुळणारी गोष्ट आहे, देवळाबाहेरचा चप्पल स्टँड. आपण चपला देतो, तो आपल्याला पत्र्याचा बिल्ला देतो. बिल्ल्यावर फक्त आकडा असतो. नाव नाही, गाव नाही, आडनाव नाही. दर्शन घेऊन आलो, बिल्ला दाखवला, चपला मिळाल्या. स्टँडवाल्याला आपला चेहरा लक्षात ठेवावा लागत नाही. आज तुम्ही मेलमध्ये लॉग-इन करता आणि दुसऱ्या दिवशी पासवर्ड न टाकता पेटी उघडते, ती अशाच बिल्ल्यामुळे. कुकीत बहुतेकदा एक लांबलचक आकडा किंवा अक्षरांची माळ असते. तुमची खरी माहिती तिकडे त्यांच्या फडताळात असते आणि बिल्ला फक्त कोणतं खण उघडायचं ते सांगतो. एका कुकीचा आकारही साधारण ४ किलोबाइटच्या आत ठेवावा लागतो. ती प्रोग्रॅम नाही आणि व्हायरसही नाही.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. माँटुलीपुढे सोपा मार्ग होता. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि तो सगळ्या साइट्सना दाखवायचा, की काम झालं. त्याने तो जाणूनबुजून नाकारला. तसं केलं असतं तर सगळ्या साइट्सनी आपापल्या वह्या शेजारी ठेवून एकेका माणसाचा दिवसभराचा प्रवास जुळवला असता. म्हणून नियम असा ठेवला, की ज्याने बिल्ला दिला त्यालाच तो परत दाखवायचा. आळंदीच्या स्टँडचा बिल्ला जेजुरीला कोणी विचारायचा नाही. म्हणजे कुकीची घडण माणसाचा माग काढता येऊ नये अशीच होती.

मग आत्याचा पट्टा बातमीच्या पानावर आला कुठून?

आपल्याला वाटतं, एक पान एका ठिकाणाहून येतं. तसं नसतं. बातमीचा मजकूर वृत्तपत्राच्या सर्व्हरवरून येतो, व्हिडिओ दुसरीकडून, अक्षरांचा टाइप तिसरीकडून आणि जाहिरातीचं चित्र जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून. पानात नुसतं लिहिलेलं असतं, 'इथलं चित्र अमुक पत्त्यावरून आणा.' ब्राउझर निमूटपणे तिथे जातो. आणि तो सर्व्हर चित्रासोबत स्वतःचा बिल्ला देऊ शकतो. तुम्ही त्या कंपनीच्या साइटवर कधी गेला नाहीत, तिचं नावही ऐकलेलं नाही, तरी तिचा बिल्ला तुमच्या खिशात पडला.

समजा, चप्पल स्टँडशेजारी एक परका माणूस उभा आहे आणि तोही येणाऱ्याच्या खिशात आपला एक बिल्ला सरकवतो. आळंदीला तो आहे, देहूला आहे, जेजुरीला आहे, पंढरपूरलाही आहे. तुम्ही जिथे जाल तिथे त्याचा माणूस तुमच्या खिशातला बिल्ला वाचतो आणि वहीत टिपतो. ४५१ नंबर सकाळी आळंदीला, दुपारी देहूला. नियम कुठेच मोडलेला नाही. बिल्ला ज्याचा, त्यालाच दाखवला जातोय. फक्त 'तो' सगळीकडे हजर आहे. शिवाय चित्र मागताना ब्राउझर बहुधा हेही सांगतो, की कोणत्या साइटवरून मागणी आली. पट्ट्याच्या दुकानात त्या जाहिरात कंपनीची चार ओळींची कोड होती, बातमीच्या आणि पाककृतीच्या पानांवर तिची जाहिरातीची जागा होती. ४५१ ने दुपारी पट्टा पाहिला होता, ४५१ आता बातमी वाचतोय, दाखवा पट्टा. ४५१ म्हणजे आत्या की मी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लॅपटॉप एकच, बिल्ला एकच.

या परक्या बिल्ल्याला 'तृतीय पक्ष कुकी' म्हणतात. हा धोका उशिरा कळला असंही नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये फायनान्शियल टाइम्सने कुकीबद्दल लिहिलं तेव्हा सामान्य वाचकांना ती पहिल्यांदा कळली. त्यापुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९९७ मध्ये, कुकीचा तांत्रिक नियम आरएफसी २१०९ या नावाने प्रसिद्ध झाला. तो लिहिणाऱ्या दोघांपैकी एक खुद्द माँटुली. त्यात म्हटलं होतं, की अशा परक्या कुकी ब्राउझरने आपणहून घेऊ नयेत. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांच्याही ब्राउझरांनी ते पाळलं नाही. तोवर डबलक्लिकसारख्या जाहिरात कंपन्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांचा धंदाच या बिल्ल्यावर चालत होता. हीच डबलक्लिक विकत घेण्याचा ३१० कोटी डॉलर्सचा सौदा गूगलने २००७ मध्ये जाहीर केला. एका ओळीचा नियम तेव्हा पाळला असता तर पुढची पंचवीस वर्षं वेगळी गेली असती, असं मला मनापासून वाटतं.

आत्याला मी त्याच संध्याकाळी हे बिल्ले दाखवले. तुम्हालाही पाहता येतील. संगणकावर क्रोममध्ये कोणतीही साइट उघडा, एफ १२ दाबा, 'ॲप्लिकेशन' या भागात 'कुकीज' उघडा. साइटच्या नावाखाली यादी येते. पुष्कळ साइट्सवर एक कुकी हमखास दिसते, 'अंडरस्कोर जीए' नावाची. ही गूगल ॲनालिटिक्सची, वाचकसंख्या मोजायची. ती त्या-त्या साइटच्या नावाने ठेवलेली असते आणि दर साइटवर आकडा वेगळा असतो, म्हणून तिला परकी म्हणता येत नाही. तिच्या शेवटी दहा अंकी आकडा असतो, तो नीट पाहा. तो काळ आहे. १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. समजा आकडा १७०००००००० आहे, तर तो क्षण होतो १५ नोव्हेंबर २०२३, भारतीय वेळेनुसार पहाटे ३ वाजून ४३ मिनिटं. म्हणजे या ब्राउझरने ती कुकी पहिल्यांदा घेतली, तो क्षण. आत्याने चष्मा पुसून तो आकडा दोनदा वाचला. "म्हणजे तू पहाटे जागी होतीस हेही यात आहे?" होय, आहे.

त्याच यादीत डबलक्लिकच्या पत्त्याची 'आयडीई' नावाची कुकी दिसली तर ती मात्र जाहिरातीची, परकी. 'अंडरस्कोर एफबीपी' दिसली तर पानावर फेसबुकवाल्या मेटा कंपनीचा पिक्सेल बसवलेला आहे.

पिक्सेल म्हणजे काय, तर एक बाय एक ठिपक्याचं, पारदर्शक चित्र. डोळ्याला दिसत नाही. त्याचा उपयोग दिसण्यासाठी नसतोच. ते आणायला ब्राउझर ज्या सर्व्हरकडे जातो, त्या सर्व्हरला 'हे पान उघडलं' एवढं कळतं, त्यासाठी ते असतं. आता या कामासाठी चित्राऐवजी बहुधा कोड वापरतात, नाव तेच राहिलं. ईमेलमध्येही असं चित्र घालतात. पत्र उघडलं की पाठवणाऱ्याला वर्दी जाते. ईमेल ॲपमधली चित्रं आपोआप उघडण्याची सोय बंद केली, की ही वर्दीही थांबते.

बातमीच्या पानावर जाहिरातीची चौकट रिकामी दिसते आणि मग भरते, तेवढ्या वेळात बहुधा लिलाव झालेला असतो. पान उघडताच त्या जागेची माहिती जाहिरातीच्या बाजारात जाते. कोणती साइट, कोणता फोन, साधारण कोणतं गाव, कोणता बिल्ला. अनेक कंपन्यांचे संगणक बोली लावतात आणि सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास निकाल लागतो. बोली जिंकणारा एक, पण माहिती सगळ्या बोली लावणाऱ्यांना मिळालेली असते. मला यातली सर्वांत खटकणारी गोष्ट हीच वाटते. शिवाय या कंपन्या आपापसांत बिल्ले जुळवून घेतात, 'आमचा ४५१ तो तुमचा कोण?' असं विचारून. माँटुलीने वह्या शेजारी ठेवू द्यायच्या नाहीत म्हणून जी भिंत घातली, ती अशी मागच्या दाराने पार होते.

बिल्ले फेकून दिले तरी ओळखायच्या आणखी वाटा आहेत. एक म्हणजे फिंगरप्रिंटिंग. यात संगणकावर काहीच ठेवत नाहीत. पडद्याचा आकार, ब्राउझरची आवृत्ती, टाइम झोन, भाषा, ग्राफिक्स कार्ड एखादी आकृती कशी रंगवतं, असे तपशील जमवतात आणि सगळे मिळून एक ठसा तयार करतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपणहून चाचणीला आलेल्या सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के ब्राउझरांचा ठसा इतर कोणाशीही जुळला नाही. संगणकातल्या टाइपांची, म्हणजे फाँटची, यादी तेव्हा या ठशातला मोठा भाग होती. आपल्याकडचे छापखाने आठवा. डीटीपी करणाऱ्याच्या संगणकात श्रीलिपीचे डझनावारी टाइप भरलेले असायचे. असा संगणक जगाच्या गर्दीत लगेच उठून दिसणार. ही गोष्ट सहजासहजी बदलता येत नाही, बिल्ल्यासारखी फेकताही येत नाही. म्हणूनच मला ती कुकीपेक्षा जास्त काळजीची वाटते. आताचे काही ब्राउझर हे तपशील देताना हात आखडता घेतात, तेवढाच दिलासा.

दुसरी वाट आपल्या रोजच्या हातातली आहे. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणाऱ्या लिंका पाहा. पत्ता संपल्यावर प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे लांबच लांब शेपूट. फेसबुकवरून आलेल्या लिंकेत बहुधा 'एफबीसीएलआयडी', गूगलच्या जाहिरातीवरून आलेल्या लिंकेत 'जीसीएलआयडी', यूट्यूबच्या शेअर बटणातून निघालेल्या लिंकेत 'एसआय'. ही शेपटं म्हणजे बिल्लाच, फक्त खिशात न ठेवता पत्त्यालाच टाचलेला. कोणत्या क्लिकवरून किंवा कोणत्या शेअरमधून माणूस आला, ते यातून जुळवता येतं. अशी शेपूट कापली तरी पान उघडतं. मात्र प्रश्नचिन्हापुढचं सगळंच सरसकट कापू नका, काही साइट्सवर पानाचा क्रमांकही तिथेच असतो.

मोबाईलवरच्या ॲपमध्ये कुकीची जागा जाहिरात-ओळख क्रमांक घेतो. पूर्ण फोनला एकच क्रमांक, सगळ्या ॲपना सारखा. माँटुलीने १९९४ मध्ये नाकारलेली कल्पना फोनवर अशी परत आली. ॲपलने एप्रिल २०२१ पासून तो वापरण्याआधी प्रत्येक ॲपला परवानगी मागायला लावली. अँड्रॉइडवर तो आपल्याला पुसता येतो, पण पुसावा आपण होऊन लागतो.

आता 'सर्व स्वीकारा' म्हणणारी ती चौकट. ती आली युरोपातून. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात २००९ मध्ये दुरुस्ती झाली आणि नितांत गरजेच्या नसलेल्या कुकीसाठी आधी संमती घेणं बंधनकारक झालं. २०१८ मध्ये जीडीपीआर हा तिथला डेटा संरक्षणाचा कायदा लागू झाल्यावर संमती म्हणजे काय, हे आणखी कडक झालं. १ ऑक्टोबर २०१९ ला युरोपच्या न्यायालयाने सांगितलं, की आधीच बरोबरची खूण करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. तरी साइट्स 'स्वीकारा'चं बटण मोठं, ठळक ठेवत आणि 'नाकारा' तीन पानं आत दडवत. फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये यासाठीच गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. कारण साधं होतं, स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक. यानंतर तिथल्या पानांवर 'सर्व नाकारा' दिसू लागलं. चौकट दिसली की घाईने पहिलं बटण दाबू नका. 'नाकारा' असेल तर तेच दाबा. लॉग-इनसाठी आणि पिशवीसाठी लागणाऱ्या कुकींना संमतीची गरजच नसते, त्यामुळे साइट सहसा चालतेच.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. कायद्यात 'कुकी' हा शब्द नाही, पण वैयक्तिक डेटासाठी संमती स्पष्ट कृतीने दिलेली हवी, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं, असं तो म्हणतो. यातल्या दोन गोष्टी मराठी वाचकाने लक्षात ठेवाव्यात. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचता येण्याची सोय द्यावी लागेल. त्यात मराठी आहे, कोकणीही आहे. दुसरी, १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला, काही अपवाद सोडले तर, मनाई असेल. माझ्या भाचीच्या अभ्यासाच्या ॲपकडे मी आता त्या नजरेने पाहते.

ब्राउझरांचं म्हणाल तर सफारीने मार्च २०२० पासून परक्या कुकी पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक साइटचे बिल्ले वेगळ्या डब्यात ठेवतो, म्हणजे परक्याला आळंदीचा बिल्ला जेजुरीत वाचता येत नाही. क्रोमनेही जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत त्या काढू असं जाहीर केलं, मुदत पुन्हा पुन्हा वाढवली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडला. आपल्याकडे बहुतेकांच्या फोनवर क्रोमच असतो, म्हणून ते काम आपल्यालाच करावं लागतं. सेटिंग्जमध्ये 'गोपनीयता आणि सुरक्षा', तिथे 'तृतीय पक्ष कुकी', तिथे ब्लॉक. एखादी साइट अडली तर तेवढ्या साइटला सूट देता येते. इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरच्या खासगी, खिडकीवर मात्र फार विसंबू नका. ती बंद केल्यावर बिल्ले फेकले जातात हे खरं, पण उघडी असताना साइटला आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला तुम्ही दिसताच. याच गैरसमजावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर दावा झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं.

आणखी एक धोका परक्या नव्हे, आपल्याच बिल्ल्याचा आहे. चप्पल स्टँडवर बिल्ला ज्याच्या हाती, चपला त्याच्या. लॉग-इनची कुकी कोणी चोरली तर त्याला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. खोट्या सॉफ्टवेअरमधून असे बिल्ले चोरून यूट्यूबवाल्यांची चॅनेल बळकावली जात होती, हे गूगलनेच २०२१ मध्ये उघड केलं होतं. म्हणून महा ई-सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात मेल उघडला, तर नुसती खिडकी बंद करून उठू नका. लॉग-आउट दाबा. साधारणपणे त्या एका क्लिकने तिकडच्या वहीत तुमचा बिल्ला रद्द होतो, मग तो कोणाच्या हाती राहिला तरी चालत नाही.

रात्री आत्याच्या फोनवर आम्ही दोघींनी मिळून हे केलं. आधी क्रोममधल्या परक्या कुकी बंद केल्या, मग सेटिंग्जमधल्या गूगलच्या जाहिरातींच्या पानावर जाऊन तो ओळख क्रमांक पुसला. प्रत्येक बटण तिनेच दाबलं, मी फक्त वाचून दाखवलं. माझ्या लॅपटॉपवर जुन्या कुकी पुसल्या आणि परक्यांना बंदी घातली. सकाळी चहा घेताना तेच बातमीचं पान उघडलं. मला मेलमध्ये एकदा पासवर्ड टाकावा लागला, बाकी सगळं पूर्वीसारखं चाललं. बातमीच्या मधोमध जाहिरात होतीच, पण एका फ्रिजची.